तळातला शब्द

कारसिदीच्या हातचं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची लादी, आमच्या केदुंगलो गावात बायका डोळे मिटून घेतात. सोयाबीन भिजवायचं, पायांनी तुडवून सालं काढायची, उकडायचं, विरजण लावून सागाच्या पानांत बांधायचं आणि मग ते मुरेपर्यंत त्याला हातही लावायचा नाही, हे काम तो बापाच्या हाताखाली शिकला आणि अजून तसंच करतो. बोलण्यात मात्र भारी कंजूस. कुणी भाव पाडायला लागलं तर उत्तर देत नाही, नुसता पुडा पुढे सरकवतो. अशा मुखदुर्बळ माणसाला गावच्या आखाड्याचा वस्ताद कुणी केला, असं पाहुण्यांना वाटतं. पण अंगावर काळे कपडे चढले की त्याच कारसिदीची पाठ ताठ होते, आणि त्याची हाक नदीच्या पलीकडे ऐकू जाते.

आखाड्याचं नाव वरंगका. वरंगका म्हणजे कट्यारीचं म्यान. तलवारीच्या, वाघांच्या, गरुडांच्या नावांचे आखाडे मादियुन शहराच्या आसपास पैशाला पासरी. म्यानाच्या नावाचा हा एकच. काळ्या सदऱ्याच्या डाव्या छातीवर त्याचं गोल चिन्ह शिवलेलं असतं. वर मोगऱ्याची कळी, मधे म्यानातली कट्यार, भोवती पांढरं कडं आणि तळाला पिवळ्या ठिपक्यांचा पट्टा. पट्ट्यावर एक शब्द. सुरो महिन्यात, आमच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, नव्या पोरापोरींना शपथ देतात, तेव्हा या प्रत्येक गोष्टीचा अर्थ तोंडपाठ म्हणावा लागतो. कळी म्हणजे ओठावर आलेला शब्द, उमलायच्या आत विचार कर. म्यानातली कट्यार म्हणजे झाकलेलं बळ. पांढरं कडं म्हणजे कफन, म्हणून तर कमरेला पट्टाही कफनाच्याच कापडाचा बांधायचा. आणि तळाचे ठिपके म्हणजे वाळू.

घोळ सगळा त्या तळातल्या शब्दाचा. आमच्या बोलीत वदी म्हणजे भीती आणि वडी म्हणजे वाळू. जीभ दातांना लावली तर भीती, टाळूला लावली तर वाळू. बोलताना शेंबड्या पोराचीही गल्लत होत नाही. पंचाईत लिहिताना येते. रोमन लिपीत वाळू लिहायची तर डीपुढे एच जोडायचा, असं शाळेत शिकवतात आणि शाळा सुटली की सगळे विसरतात. वाळूच्या ट्रकवर, वाळूच्या डेपोच्या पाटीवर, सगळीकडे एचला फाटा. त्यामुळे आखाड्याच्या चिन्हावरचा बिनएचचा शब्द ज्यानं जसा वाचावा तसा वाचावा. पण आखाड्याच्या छातीवर भीती कोण लिहील? तेव्हा ती वाळूच, यात गावात कुणालाही कधी शंका आली नाही. शंका काढणारे होते ते नदीपलीकडच्या आखाड्याचे. बाजारात, जत्रेत, पेट्रोल पंपावर कुठेही गाठ पडली की ते दात दाखवत म्हणायचे, "वदी! भित्रे! छातीवर लिहून हिंडतात!" मग इकडून "वडी!" असा आवाज उठायचा आणि मारामारी जुंपायची. तळाला पिवळे ठिपके काढले ते त्याचसाठी, की आता तरी आंधळ्यालाही वाळू दिसावी. पलीकडचे म्हणाले, "बघा, घाम फुटलाय!"

कारसिदी आखाड्यात आला तेव्हा संस्थापक म्बाह वोंगसो, म्हणजे वोंगसो आजोबा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याला शिकवलं दार्मो वस्तादांनी. तळाचा अर्थ सांगताना दार्मोंच्या आवाजाला धार यायची. "वाळू मोजता येत नाही. वाळू मुठीत धरता येत नाही. खडकाचं पीठ झालं तरी वाळू उरते. आणि लक्षात ठेवा, वाळू पळत नाही!" तरुण कारसिदीच्या अंगावर तेव्हा काटा यायचा. पुढे तो स्वतः वस्ताद झाला आणि हेच चार बोल त्यानं गावातल्या पोरांना दिले. त्यातलाच एक त्याचा थोरला मुलगा, पानुत.

पानुत बापावर गेला होता. मान खाली घालून ऐकायचा आणि ऐकलेलं करायचा. चार वर्षांपूर्वी एका लग्नाचं जेवण आटोपून तो तिघा मित्रांबरोबर परतत होता. पुलावर पलीकडची पोरं मोटारसायकलींवरून आली. चिन्ह बघून नेहमीचं सुरू झालं, "वदी! वदी!" पोरं बरीच होती आणि हातांत बांबू होते. तिघे मित्र उसात शिरले. पानुत पुलाच्या मधोमध उभा राहिला. "वडी पळत नाही!" असं तो ओरडल्याचं त्या मित्रांनी उसातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात तो गेला. मारणाऱ्यांतले काही तुरुंगात गेले, काही सुटले.

तेव्हापासून गावानं एक वाक्य धरलं, "तुमचा पानुत उभा राहिला." मयताला आलेले म्हणाले, चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला बसलेले म्हणाले, तेंपे घ्यायला आलेल्या बायकाही म्हणाल्या. सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणायचं, तर ते उसात शिरलेले तिघे, जे आज बायकापोरांत सुखानं आहेत. ऐकून चीड यावी असंच ते होतं. पण कारसिदी त्या वाक्याला धरून जगला. पानुतचा फोटो आखाड्यात लागला, त्याखाली 'तो उभा राहिला' असं लिहिलं, आणि रोज संध्याकाळी कारसिदी तो फोटो स्वतः पुसायचा. त्याची बायको तुमिनी त्या फोटोसमोर कधी गेली नाही. कुणी तिच्यासमोर ते वाक्य काढलंच तर ती म्हणायची, "उभा राहिला म्हणजे काय झालं? परत आला नाही, एवढंच मला माहीत आहे."

यंदाच्या सुरोत कारसिदीच्या धाकट्या मुलीची, प्रिहची शपथ होती. सुप्रिहातिन तिचं पूर्ण नाव. पोरगी आखाड्यात तिखट, घरात त्याहून तिखट. शपथ घेणाऱ्यांत आणि त्यांच्या आधीच्या पोरांत काय शिजतंय, ते कारसिदीच्या कानावर आलं होतं. हेंद्रो नावाचा गॅरेजवाला त्यांचा म्होरक्या. बेत असा, की शपथ झाली की पांढरे पट्टे कमरेला असतानाच सगळ्यांनी मोटारसायकलींवरून पूल ओलांडायचा. पलीकडे पानुतला मारणाऱ्यांपैकी एक जण तुरुंगातून सुटून घरी आला होता.

कारसिदीनं हेंद्रोला बोलावून घेतलं. "जायचं नाही," तो म्हणाला.

"पाक, तुम्हीच तर शिकवलंत," हेंद्रो मान लववून, बापाला नि वडीलधाऱ्याला लावतात त्या आदराच्या हाकेनं म्हणाला. "वाळू मागे सरत नाही म्हणून."

"पळत नाही, एवढंच शिकवलं मी."

"मग घरात बसून राहणं म्हणजे पळणंच की, पाक."

घरी त्यानं प्रिहला विचारलं, "तू जाणार आहेस?"

"मी मास पानुतची बहीण आहे," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती मास म्हणायची. "सगळे गेले आणि मी चूल फुंकत बसले, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. तुमच्याही."

तुमिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. फक्त सोयाबीन निवडण्याचा आवाज थांबला.

सुरो लागला की कारसिदी म्बाह पोनिराकडे तेंपेचे पुडे घेऊन जातो. म्बाह पोनिरा म्हणजे संस्थापक म्बाह वोंगसोंची बायको. नव्वदीची म्हातारी, तोंडात एकही दात नाही, पण कान शाबूत. आखाड्यात ती कधीच आली नव्हती. तिच्या काळी बायकांनी शपथेच्या जागी फिरकायचं नाही असा दंडक होता, आणि पुढे दंडक गेला तरी तिला कुणी बोलावलं नाही. वर्षातून एकदा सगळे येऊन पाया पडायचे, तिच्या हाताला हात लावून कपाळाला टेकवायचे आणि निघायचे. तिला कुणी काही विचारत नसे.

या खेपेला कारसिदी ओसरीवर बसून राहिला. म्हातारी छोटे कांदे सोलत होती.

"आज घाई नाही का रे, ले, लेकरा?" तिनं विचारलं.

"आशीर्वाद हवाय, म्बाह. पोरं पूल ओलांडायचं म्हणतायत. प्रिहसुद्धा. आता छातीवर वाळू लावलीय म्हटल्यावर त्यांना अडवायचं तरी कोणत्या तोंडानं?"

"छातीवर काय लावलंय?"

"वाळू, म्बाह. चिन्हाच्या तळाची."

म्हातारीनं कांदा खाली ठेवला. "वाळू कशाला असेल? पहिलं चिन्ह मी शिवलं. काळ्या धाग्यानं. तळाला हे म्हणाले, वई लिही."

दात नसलेल्या तोंडातून तो शब्द धड भीती म्हणून आला नाही, धड वाळू म्हणूनही नाही. कारसिदी पुढे सरकला. "म्बाह, परत सांगा. वडी की वदी?"

"अरे, तेच तर सांगतेय!"

"मला कळत नाहीये, म्बाह."

म्हातारीला राग आला. मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्या तोंडाला दोष आहे. नवऱ्याविषयी बोलताना आमच्याकडच्या जुन्या बायका आदराच्या बोलीतले शब्द वापरतात. तिनं तसा एक शब्द काढला, "अज्रिह." म्हणाली, "ह्यांना अज्रिह होतं. आयुष्यभर."

अज्रिह म्हणजे भीती. वाळूला हा शब्द मेल्यावरही कुणी लावणार नाही. कारसिदीचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

"हे टांगा चालवायचे," म्हातारी सांगू लागली. तिला वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे, पण आता विचारलंय तर सांगावं. "भाड्यावरून भांडण झालं आणि ह्यांनी कट्यार काढली. दुसऱ्या टांगेवाल्याचा हात गेला, इथून, कोपरापासून. त्यानंतर तो माणूस बाजाराच्या दारात भीक मागायचा, आणि ह्यांना रोज त्याच दारातून भाडं घ्यायला जावं लागायचं. तेव्हापासून ह्यांना स्वतःच्या हाताची भीती बसली. झोपेत हात उशाखाली दाबून झोपायचे. आखाडा काढला तेव्हा म्हणाले, कट्यारीचं टोक खाली असतं ना पोनिरा, तर खालीच भीती लिही. टोकाला तिनंच धरून ठेवलं पाहिजे. ज्याला आपल्या हाताची भीती नाही त्याला मी शिकवणार नाही. आणि पोरांना सांगायचे, समोर जास्त माणसं दिसली की पळत सुटा. लाज वाटली तर मला येऊन सांगा, मी तुमच्याहून जास्त पळालोय."

ती हसली. तिला तो विनोद आठवून हसू आलं होतं. कारसिदी रडत होता, हे तिला दिसलं नाही, कारण तिला आता फारसं दिसत नाही.

"आमच्या वस्तादांनी वाळू सांगितली होती," तो शेवटी म्हणाला.

"दार्मोनं? तो ह्यांच्या शेवटच्या आजारात आला. ह्यांची वाचा गेली होती आणि जुनी पोरं पांगली होती तेव्हा. त्यानं चिन्ह वाचलं असेल आणि अर्थ लावला असेल. पोरगा वाईट नव्हता." म्हातारीनं कांदा पुन्हा उचलला. "मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की."

घरी येईपर्यंत कारसिदीनं ठरवलं होतं, की हे कुणालाच सांगायचं नाही. म्हातारी किती दिवसांची सोबती? तिच्याबरोबर तो शब्दही जाईल. वाळू राहील आणि फोटोखालचं वाक्य राहील. ते वाक्य पुसलं तर त्याच्याजवळ पानुतचं उरत काय होतं? एक चुकीचा वाचलेला शब्द आणि बांबू. बापानं शिकवलं नसतं तर उसात शिरून अर्ध्या तासात घरी आला असता असा एक मुलगा. हा विचार त्याच्यानं धरवेना. तो सोयाबीनच्या हंड्यासमोर बसला आणि हंडा उतू जाऊन विस्तव विझला तरी उठला नाही.

तुमिनीनं येऊन हंडा उतरवला. "म्हातारी गेली की काय?" तिनं विचारलं.

"नाही." मग त्यानं तिला सगळं सांगितलं. इतकं सलग तो तिच्याशी पानुतच्या मयतीनंतर बोललाच नव्हता.

तुमिनीनं ऐकलं. रडली नाही, त्याला दोषही दिला नाही. तिनं दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग उद्या सांगा," ती म्हणाली.

"पानुतचं काय होईल?"

"पाकने, अहो, पानुतचं जे व्हायचं ते झालं. प्रिह त्या खोलीत उद्याच्या शपथेच्या कपड्यांना इस्त्री करतेय." एवढं बोलून ती राख भरायला लागली.

शपथ नदीकाठी असते, पहाटेच्या नमाजानंतर, उजाडता उजाडता. काळ्या कपड्यांतल्या पोरापोरी ओळीनं बसल्या होत्या. मागे जुने शिष्य उभे होते, त्यांच्या मागे मोटारसायकली. हेंद्रो गाडीला टेकून होता. कारसिदीनं एकेकाच्या कमरेला पांढरं कापड बांधलं. प्रिहच्या कमरेला गाठ मारताना त्यानं ती दोनदा सोडली आणि पुन्हा बांधली. तिला वाटलं, वय झालं पाकचं.

मग त्यानं विचारायला सुरुवात केली.

"वर काय?"

"कळी! ओठावरचा शब्द!"

"मधे काय?"

"म्यानातली कट्यार! झाकलेलं बळ!"

"भोवती?"

"कफन! आम्ही ते नेसून आहोत!"

"तळाला काय?"

"वडी!" सगळ्यांचा एकदम आवाज आला. मागे उभे असलेलेही ओरडले. "वडी पळत नाही!"

या ठिकाणी वस्तादानं "खरं आहे" म्हणायचं असतं. कारसिदी गप्प राहिला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारा पुढचं विसरला असं वाटून कुणीतरी हळूच सुचवलंसुद्धा.

"खोटं आहे," कारसिदी म्हणाला. "तळाला वदी आहे. जीभ दातांना लावून म्हणा. भीती."

पहिल्यांदा काही जण हसले. मग त्यानं म्बाह पोनिराचं सगळं बोलणं सांगितलं. टांगा, बाजाराचं दार, उशाखालचा हात. तो बोलण्यात हुशार नव्हता, त्यामुळे मागेपुढे झालं, एक गोष्ट दोनदा सांगून झाली. पण अज्रिह हा शब्द त्यानं सांगितला तेव्हा मागच्या म्हाताऱ्या शिष्यांनी माना खाली घातल्या. त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही, हे त्यांना पोरांपेक्षा जास्त कळत होतं.

हेंद्रो पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पाक, हे तर पलीकडचे म्हणतात! इतकी वर्षं हेच म्हणून आपल्याला चिडवतात!"

"त्यांनी बरोबर वाचलं," कारसिदी म्हणाला. "आपण चुकीचं वाचलं."

"त्यांना घाबरायचं मग?"

"त्यांना नाही. बांबू घेतलेला आपला हात असतो ना, त्याला. म्बाह वोंगसो त्याला घाबरत होते."

"चला रे!" हेंद्रो ओरडला आणि गाडीकडे वळला. काही जण त्याच्याबरोबर गेले. काही जण पट्ट्याच्या गाठीवर हात ठेवून तसेच बसून राहिले, जावं की राहावं ते न कळून. हेंद्रोनं गाडी सुरू केली आणि मागची सीट थोपटली. "प्रिह, चल! तुझ्या भावासाठी चाललोय."

प्रिह ओळीतून उठली होती. ती गाडीकडे गेली नाही, बापासमोर येऊन उभी राहिली. अगदी जवळ, एरवी मोठ्यांसमोर कुणी उभं राहत नाही इतकी जवळ.

"पाक," ती म्हणाली, "मग मास पानुत उभा का राहिला?"

"मी सांगितलं होतं म्हणून."

"वाळू पळत नाही म्हणून?"

"हो."

गाड्यांचे आवाज वाढले होते. कारसिदीनं तिच्याकडे बघण्याचं टाळलं नाही. त्याला वाटत होतं, हिनं आता मला मारावं.

"आणि तुम्ही त्याला भीती शिकवली असतीत तर? तर तो पळाला असता?"

"पळाला असता, न्दुक, पोरी," कारसिदी म्हणाला. "सगळ्यांच्या पुढे पळाला असता. त्यानं माझा शब्द कधी मोडला नाही."

प्रिह तिथेच खाली बसली आणि तिनं बापाचे दोन्ही पाय धरले. गाड्या पुलाकडे निघून गेल्या. त्यातली एकही तिच्यासाठी थांबली नाही.